माप बरोबर आहे, तरी कपडा अंगावर नीट का बसत नाही?

तक्रार साधारण सारखीच असते. साइझ नेहमीचाच घेतला, ट्रायल रूममध्ये ठीक दिसला, आणि बाहेर पडल्यावर तासाभरात शर्ट कमरेभोवती फुगला, पॅन्ट मागून उघडी पडली, टी-शर्टची बाजूची शिवण पोटावर आली. मग पुढच्या वेळी एक साइझ लहान घेऊन बघतात. तो छातीत घट्ट होतो. मग परत मोठा. असं दोन-तीनदा झालं की माणूस ‘माझी बॉडीच तशी आहे’ या निष्कर्षाला येतो.

बॉडीत काही बिघडलेलं नसतं. तयार कपडा छातीच्या किंवा कमरेच्या एका मापावरून कापलेला असतो आणि बाकीची मापं त्यावरून गृहीत धरलेली असतात. ही गृहीतकं किती कच्ची आहेत याचा इतिहासही आहे. १९३९-४० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने सुमारे १५,००० स्त्रियांची मापं घेतली, एकेकीची पन्नासहून जास्त. पुढे १९५८ साली तिथे स्त्रियांच्या तयार कपड्यांसाठी प्रमाण मापांचा तक्ता निघाला, १९७० मध्ये तो सुधारला आणि १९८३ मध्ये रद्दच करून टाकला. तेव्हापासून जो तो आपापला तक्ता वापरतो. म्हणून एका कंपनीचा ‘मीडियम’ दुसऱ्या कंपनीच्या ‘मीडियम’ला ओळखही दाखवत नाही. लेबल बघून दुरुस्ती ठरवण्यात त्यामुळे अर्थ नाही. कपडा अंगावर असताना काय करतोय, त्यावरून ठरवायचं.

आधी निदान

रोज जे बूट-चपला घालता ते घाला, खिशात फोन-पाकीट नेहमीसारखं ठेवा आणि सरळ उभे राहा. समोरून, बाजूने, पाठीमागून फोटो काढा, टायमर लावून किंवा कुणाकडून तरी. आरशात वळून पाठ बघू नका. वळलात की कपडाही वळतो आणि नसलेल्या सुरकुत्या दिसायला लागतात. मग दोन्ही हात डोक्यावर न्या, खाली आणा, खुर्चीत बसा, उठा, आणि परत एक फोटो काढा. दोष बहुधा या दुसऱ्या फोटोत सापडतो.

आता स्वतःला एवढंच विचारायचं: जिथे बिघडलंय तिथे कापड कमी पडतंय, जास्त होतंय, की माप ठीक असून जागेवरून सरकतंय?

कमी पडत असेल तर सुरकुत्या ताणलेल्या, सरळ आणि धारदार असतात आणि त्यांचं टोक नेमकं अडचणीच्या जागेकडे जातं. शर्टच्या एका बटणापासून दोन्ही बाजूंना आडव्या रेषा निघाल्या असतील, तर त्या उंचीवर घेर अपुरा आहे. कापड जास्त असेल तर घड्या मऊ आणि लोंबत्या असतात; आपण त्याला झोळ म्हणतो. उभा झोळ म्हणजे रुंदी जास्त. आडवा झोळ म्हणजे लांबी जास्त. आणि सकाळी नीट असलेला कपडा दुपारी वाकडा दिसत असेल, तर तो सरकतोय.

हे आधी ठरवायचं कारण असं की तिन्हींचे उपाय एकमेकांच्या विरोधात जातात. सरकणारा शर्ट घट्ट करून घेतला तर तो आणखी सरकतो. छातीत तंग शर्ट कमरेत आवळला तर बटणं आणखी ताणतात. सेफ्टी पिनेने वेळ निभावून नेणं वेगळं. पण तीच पिन दर आठवड्याला लावावी लागत असेल, तर निदान चुकलंय असं समजा.

इन केलेला शर्ट सारखा बाहेर येतो

सगळ्यात जास्त विचारलं जाणारं दुखणं हेच, आणि याची कारणं सगळ्यात जास्त चुकीची धरली जातात.

पहिली तपासणी मुंढ्याची, म्हणजे शर्टच्या अंगाला बाही जोडतात त्या गोलाची. शर्ट इन करा आणि दोन्ही हात वर न्या. काखेखालचं कापड तंबूसारखं ताणून बाजूची अख्खी शिवण वर ओढली गेली, तर मुंढा खोल आहे. खोल मुंढ्यात बाही आणि अंग यांच्यामध्ये कापडाचा त्रिकोण तयार होतो आणि हात उचलला की तो अंगालाही वर उचलतो. ‘हात मोकळे राहावेत’ म्हणून एक साइझ मोठा घेणाऱ्यांचा शर्ट जास्तच का निघतो, त्याचं कारण इथे आहे. साइझ वाढला की मुंढाही खोल होतो. काखेच्या जवळ कापलेला मुंढा बघायला अरुंद वाटतो, पण त्यात हात वेगळा हलतो आणि शर्ट जागेवर राहतो. मुंढा वर घेणं म्हणजे बाही उसवून परत बसवणं आणि तिथे कापड पुरायला हवं. रोजच्या शर्टसाठी तो खटाटोप मी करणार नाही. असा शर्ट बाहेर सोडून वापरावा.

मुंढा ठीक असेल तर तळ बघा. तळ सरळ कापलेला आणि शर्ट आखूड असेल, तर तो बाहेर सोडण्यासाठीच शिवलेला आहे. इन करायच्या शर्टचा तळ बाजूंना वर गेलेला आणि पुढे-मागे खाली उतरलेला असतो, कारण धरून ठेवायला मागचं-पुढचं कापडच कामाला येतं. आखूड शर्ट कसाही खोचा, तो बाहेर येणारच.

लांबी पुरते, मुंढाही ठीक, पण कमरेला फुगा होतो? मग घेर जास्त आहे. रोज करता येण्यासारखा उपाय म्हणजे बाजूच्या घडीचा. पॅन्ट चढवा, पण बटण-चेन उघडी ठेवा. शर्ट सगळीकडून खाली ओढून घ्या. दोन्ही बाजूंच्या शिवणी अंगठा आणि तर्जनीत धरून कापड बाहेर ओढा, जास्तीचं कापड पाठीकडे सपाट दुमडा, पॅन्ट वर घ्या, बटण लावा, बेल्ट आवळा. सैन्यातले लोक गणवेशाचा शर्ट असाच इन करतात. त्यानंतर एकदा हात खांद्यापर्यंत उचलून खाली आणा म्हणजे शर्टला बोटभर सैल जागा मिळते. ही पायरी बहुतेक जण गाळतात. शर्ट तंग ओढून ठेवला तर पहिल्यांदा हात वर जाताच तो बेल्टमधून निसटतो आणि पुढे दिवसभर निसटतच राहतो. घडी सुती पॉपलिन, ऑक्सफर्ड यांच्यात चांगली टिकते. सॅटिनसारख्या गुळगुळीत कापडात चार वेळा उठबस झाली की सुटते.

कायमचा उपाय हवा तर पाठीला दोन टक्स घ्या, म्हणजे आतून कापड चिमटीत धरून शिवलेल्या दोन उभ्या, निमुळत्या घड्या. खांद्याच्या पात्याखालून सुरू होऊन कंबरेशी सगळ्यात खोल आणि पुढे नितंबापर्यंत निमुळते. प्रत्येक टक कमरेशी एक ते दीड सेंटीमीटर खोल घेतला तर घेर एकूण चार ते सहा सेंटीमीटर कमी होतो. ऐकायला थोडा वाटतो, पण अंगावर फरक चांगला दिसतो. बाजूच्या शिवणी आत घेण्यापेक्षा मला टक्स बरे वाटतात. छाती आणि काख यांना हात लागत नाही, कापड कापावं लागत नाही, वजन वाढलं तर उसवता येतात. आधी टाचण्या किंवा कच्चा दोरा घालून बघा, खुर्चीत बसा, समोरच्या कपाटातली वस्तू काढा. पाठ आवळली तर खोली कमी करा. आडव्या-उभ्या रेघांच्या शर्टात टकपाशी रेघा तुटलेल्या दिसतात. ते चालणार असेल तरच करा. आणि घेर सहा सेंटीमीटरपेक्षा बराच जास्त असेल तर टक्स खोल करत बसू नका, पाठ डबीसारखी दिसते. तिथे बाजूची शिवणच आत घ्यावी लागते.

उरला सरकणारा शर्ट. इथे दोष बऱ्याचदा पॅन्टचा असतो. कंबर खाली बसणारी पॅन्ट शर्टचा जेमतेम काठ धरते. तीच पॅन्ट कमरेत सैल असेल तर बेल्टनेही फार उपयोग होत नाही. कंबरपट्टीच्या आतून रबराची पकड देणारी पट्टी मिळते, ती शिवून घेतली की घसरणं बरंच थांबतं. शर्टचा काठ आणि मोजे यांना जोडणारे इलॅस्टिकचे पट्टेही मिळतात. गणवेश, रंगमंच, लग्नसमारंभात उभं राहणं, अशा ठिकाणी त्यांच्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला मात्र ते मांडीवर जाणवत राहतात.

फक्त पुढचा भाग बेल्टच्या बकलामागे खोचून बाकीचा मोकळा सोडायची पद्धत मऊ टी-शर्टवर, पातळ विणीच्या स्वेटरवर छान दिसते. कडक इस्त्रीच्या शर्टवर ती केली तर माणूस घाईत स्वच्छतागृहातून बाहेर आल्यासारखा वाटतो.

छातीवर दोन बटणांमध्ये फट

बोटाने बटणपट्टी दाबून सोडा. दाबल्यावर फट मिटून कापड सपाट बसत असेल, आजूबाजूला ताणाच्या रेषा नसतील, तर घेर पुरेसा आहे. फक्त छातीच्या सगळ्यात भरलेल्या जागी बटण आलेलं नाही. दोन बटणांच्या मधोमध आतून एक चपटं टिचबटण लावा. बाहेर टाका दिसू नये म्हणून सुई पट्टीच्या आतल्याच थरातून न्या. ज्यांचा शर्ट डोक्यावरून घालता येतो, ते पट्टीचा तेवढा भाग हाताने शिवूनही टाकतात.

दाबल्यावरही कापड विरोध करत असेल आणि बटणाकडून काखेकडे रेषा जात असतील, तर कापड कमी आहे. तिथे टिचबटण लावलं तर ते फटाफट उघडतं किंवा कापड फाडतं. बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड, असेल तर सोडवून घ्या. नसेल तर पुढून उघडा ठेवून आतल्या टी-शर्टवर जॅकेटसारखा वापरा. छातीला बसेल असा साइझ घेऊन कमरेत टक्स घालणं हे उलट्या क्रमापेक्षा नेहमीच सोपं.

पॅन्ट: मागून उघडी, पुढून ताणलेली

नितंबांना बरोबर बसणारी जीन्स मागे कमरेशी उघडी राहते. बेल्ट आवळला की तिथे कंबरपट्टीच्या चुण्या होतात आणि बसल्यावर त्या टोचतात. इथे कमरेत कापड जास्त आहे. घरच्या घरी करायचं तर कंबरपट्टीच्या आतल्या बाजूला, दोन्ही कडांच्या शिवणींजवळ लहानशी चीर पाडा. मागच्या भागातून पट्टीपेक्षा थोडं आखूड, रुंद इलॅस्टिक ओवा, दोन्ही टोकं पक्की शिवा, चिरा हाताने बंद करा. बाहेरून बारीक चुण्या दिसतात, पण वर शर्ट सोडणाऱ्याला त्याने काय फरक पडतो? सफाई हवी असेल तर मागच्या मधल्या शिवणीतून कंबर आत घ्यावी लागते. जीन्समध्ये त्यासाठी लूप काढून पुन्हा बसवणं आणि जाड दोऱ्याच्या दुहेरी टिपेला जुळता दोरा मिळवणं आलं. दीड-दोन इंचांहून जास्त आत घेतलं की मागचे खिसे एकमेकांच्या जवळ सरकतात आणि पॅन्ट मागून विचित्र दिसते. तेवढी सैल असेल तर साइझच चुकलाय.

तिरक्या खिशांचे कान बाहेर येणं याचा अर्थ बहुतेक वेळा नितंबांवर कापड कमी आहे. खिसे शिवून बंद करा असं सर्रास सांगितलं जातं. त्याने कड सपाट दिसते खरी, पण तो ताण मग आसनापाशी (दोन्ही पाय जुळतात तिथपासून कंबरेपर्यंतच्या भागात) आडव्या रेषा होऊन दिसतो. आधी कडेच्या शिवणीत माया आहे का बघा. फॉर्मल पॅन्टच्या मागच्या मधल्या शिवणीत बऱ्याचदा चांगली माया ठेवलेली असते. तिथून कंबर आणि नितंब दोन्ही सोडवता येतात.

बसल्यावर पॅन्ट मागून खाली जात असेल, तर आसन उंचीला कमी आहे. याला पिन, बेल्ट, इलॅस्टिक काहीही पुरत नाही. बसताना मागची लांबी वाढते आणि ती कापडात नसेल तर कुठून येणार? पुढच्या वेळी ट्रायल रूममध्ये बसून बघा, एवढंच.

आता लांबी. माप बूट घालून घ्या. सरळ उभं राहिल्यावर पॅन्ट बुटावर जेमतेम टेकावी किंवा फार तर एक हलकी घडी पडावी. घोट्याभोवती दोन-तीन आडव्या वळ्या पडत असतील तर बाकी सगळं फिटिंग वाया जातं. एकच दुरुस्ती करायची झाली तर ही करा, एवढं माझं याबद्दल ठाम मत आहे. सरळ मोहरीच्या (पायाशी न निमुळती होणाऱ्या) पॅन्टला मागची बाजू पुढच्यापेक्षा सुमारे एक सेंटीमीटर खाली ठेवली की पुढे बुटावर अडत नाही आणि मागे मोजा दिसत नाही.

सुती पॅन्ट धुतल्याशिवाय आखूड करू नका. विणताना, रंगवताना कापड ताणलेलं असतं. पहिल्या पाण्यात ते मूळ लांबीकडे परत जातं. सॅनफोर्ड क्लुएट यांनी १९३० च्या सुमारास कापड आधीच आटवून घेण्याची प्रक्रिया काढली. तिला ‘सॅनफोरायझिंग’ म्हणतात आणि तसं केलेलं कापड पुढे एखाद्या टक्क्यापलीकडे सहसा आटत नाही. पण ती प्रत्येक कपड्यावर झालेली असतेच असं नाही. शंभर सेंटीमीटर लांबीत तीन टक्के आटणं म्हणजे तीन सेंटीमीटर, आणि तेवढ्यात बुटावर टेकणारी पॅन्ट घोट्याच्या वर जाते. एक-दोनदा धुवा, वाळवा, मग माप घ्या. तोवर इस्त्रीने चिकटणाऱ्या टेपने दुमडून चालवता येतं.

टी-शर्टची शिवण पोटावर येते

यात घालणाऱ्याचा काही दोष नसतो, आणि शिंप्याचाही नाही. टी-शर्टचं साधं विणलेलं कापड एकाच दिशेने पीळ दिलेल्या धाग्याचं असतं. धुतल्यावर पीळ सैल होऊ पाहतो आणि विणीचे फास एका बाजूला कलतात. विकत घेताना कापड ओढून सरळ केलेलं असल्याने हे दिसत नाही. दोन-चार धुण्यांनंतर एक शिवण पुढे, दुसरी मागे. ओला असताना उलट्या दिशेने तिरका ओढून सपाट वाळवला तर थोडे दिवस निभतं, पुढच्या धुण्यात पुन्हा तेच. कायमचा उपाय नाही. दुकानात टी-शर्टच्या दोन्ही शिवणी जुळवून घडी घाला. तळाचे कोपरे आत्ताच जुळत नसतील तर ठेवून द्या.

टी-शर्ट लांबीला जास्त असेल तर तळ आत दुमडून दोन्ही शिवणींवर एकेक टाका घाला. बाही दंडावर पंखासारखी उघडी राहत असेल तर दोनदा बारीक दुमडून शिवणीपाशी टाका. दोन्ही कामं पाच मिनिटांची.

खांदे आणि बाह्या

शर्टच्या खांद्याची शिवण हाडाच्या टोकाशी संपायला हवी. ती दंडावर उतरली असेल, आणि मुद्दाम तशी डिझाइन केलेली नसेल, तर बाकी काहीही आवळून तो कपडा बसणार नाही. एकाच बाजूला मानेकडून काखेकडे तिरकी सुरकुती येत असेल तर तो खांदा थोडा खाली आहे, आणि असे लोक खूप असतात. जॅकेटमध्ये त्या बाजूला पातळ पॅड घातलं की सुरकुती जाते. शर्टमध्ये मी ते सोडून देईन.

बाही लांब असेल तर ती कापायच्या आधी कफचं बटण सेंटीमीटरभर आत सरकवा. कफ मनगटाला नीट बसला की तो तळहातावर उतरत नाही आणि जास्तीची लांबी वर किंचित सैल पडते. हात वाकवल्यावर तीच लांबी लागते. बाह्या दुमडून वापरायच्या तर कफ उलटा करून एकदाच कोपराच्या वरपर्यंत न्या, मग खालून एक दुमड त्यावर चढवा, कफची कड थोडी बाहेर ठेवून. थरावर थर गुंडाळलेल्या बाहीपेक्षा ही कमी उलगडते.

शिंप्याकडे देताना

‘जरा फिटिंग करून द्या’ एवढ्यावर कपडा टाकून येऊ नका. कपडा घालून उभे राहा, टाचण्या अंगावरच लावून घ्या, आणि त्या लावल्यावर बसून, हात उचलून दाखवा. एकापेक्षा जास्त कामं असतील तर खांदे आधी, मग बाजू, मग बाह्या आणि तळ शेवटी. बाजू आत घेतल्यावर कपडा थोडा वर चढतो आणि आधी घेतलेली लांबी चुकते. आत घेतलेलं कापड कापू नका, माया तशीच ठेवा, हे स्वतःहून सांगा.

सोडवून घ्यायचं असेल तर देण्यापूर्वी कपडा उलटा करून शिवण बघा. ओव्हरलॉकची टीप (कापडाची कड उसवू नये म्हणून मारलेली) शिवणीला लागूनच असेल तर आत काही नाही. दुहेरी दुमडून शिवलेल्या शर्टच्या बाजूंतही काही निघत नाही. आणि जीन्स, मखमल किंवा उन्हाने उडालेल्या रंगाचं कापड असेल तर शिवण सोडवल्यावर जुन्या टिपेची गडद रेघ राहते, धुऊन जात नाही. तिथे माया असूनही सोडवू नये.